वाचायला नाही, बांधायला

ताईची मुलगी पाच महिन्यांची झाली तेव्हा आईने लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यातून एक पुरचुंडी काढली. पुरचुंडीत चांदीचा ताईत होता. बोटाच्या दोन पेरांएवढी नळी, दोन्ही टोकं बंद, वर दोन कड्या, चांदी काळी पडलेली. हा ताईत आधी ताईच्या दंडाला होता, मग माझ्या. आईचं म्हणणं, आता नातीला बांधायचा. ताईचं म्हणणं, आत काय आहे ते कळल्याशिवाय नाही. ताई फार्मसिस्ट आहे, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय तिला चैन पडत नाही. शिवाय तिची मुलगी हाताला लागेल ते तोंडात घालते, हा मुद्दा होताच.

आत काय आहे हे सांगू शकणारी एकच व्यक्ती होती, आमची आजी. तिला जाऊन तीन वर्षं झाली. लहानपणी मी तिला एकदा विचारलं होतं, "आजी, ह्याच्यात काय लिहिलंय गं?" ती म्हणाली होती, "वाचायला नाही दिलेलं ते. बांधायला दिलंय."

निवाडा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात जुन्या वस्तूंचं वाचत बसणारा मीच. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्यातल्या कंपनीचं काम येवल्याच्या घरातून करतो आणि रात्री बिल्ड चालू असताना म्युझियमच्या साइटवरचे फोटो मोठे करून बघतो. गेलं वर्षभर मला वेड लागलंय ते एकाच वस्तूचं, प्राचीन इजिप्तमधल्या स्कॅरबचं. स्कॅरब म्हणजे नखाएवढा दगडी भुंगा. तोही ताईतच होता. त्याच्यावरही लिहिलेलं असायचं, आणि तो बांधणाऱ्या बहुतेकांना ते वाचता येत नव्हतं.

इजिप्तशी माझी पहिली भेट मात्र फोनवर झाली नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एका मित्राच्या लग्नाला वडोदऱ्याला गेलो होतो, तिथल्या सयाजीरावांच्या संग्रहालयात ममी पाहिली. सयाजीराव आमच्याच जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. बाराव्या वर्षी दत्तक जाऊन बडोद्याचे महाराज झाले. कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या मुलाने जमवलेल्या वस्तूंमध्ये नाईलकाठचा एक मेलेला माणूस आहे, ह्या गोष्टीने मी तेव्हा खूश झालो होतो. काचेसमोर उभं राहून त्याच्या छातीकडे बघताना तिथे काय ठेवत असत हे मात्र मला माहीत नव्हतं.

आता वस्तूकडे येतो. स्कॅरब साधारण एक ते दोन सेंटीमीटर लांब असतो. वरून बघितलं तर डोकं, पाठ, पंखांमधली रेघ, बाजूला पाय. उलटा केला की सपाट लंबगोल तळ, आणि त्या तळावर कोरलेली चिन्हं किंवा नक्षी. डोक्यापासून शेपटीपर्यंत आरपार भोक. भोकातून दोरा घालून गळ्यात घालायचा, नाहीतर तार घालून अंगठीत बसवायचा. तारेवर तो फिरतो, त्यामुळे एरवी भुंगा वर आणि शिक्का मारायची वेळ आली की तळ वर. इ.स.पू. २१००च्या आसपास असले भुंगे दिसू लागतात आणि पुढची जवळजवळ दोन हजार वर्षं बनत राहतात. जगातल्या मोठ्या म्युझियमांमध्ये ते ट्रे भरभरून आहेत. राजाच्या थडग्यात सापडतात तसेच साध्या माणसाच्या खड्ड्यातही सापडतात. मला त्यांचं आकर्षण वाटलं ते ह्यामुळेच. पिरॅमिड एकाचा असतो, स्कॅरब कोणाचाही.

बहुतेक स्कॅरब ज्या दगडाचे आहेत तो स्टिएटाइट. आपल्याकडे त्याला शंखजिरे म्हणतात. त्यातलं मुख्य खनिज टाल्क. हो, तेच, ज्याच्यावरून बाळाच्या पावडरीला टाल्कम पावडर म्हणतात. खनिजांच्या कठीणपणाची जी एक ते दहा अशी मोजपट्टी आहे तिच्यात टाल्क एक नंबरवर, म्हणजे सगळ्यात मऊ. नखाने ओरखडा उठतो. मग असल्या दगडाचा दागिना कशाला करायचा? तर गंमत पुढे आहे. हा दगड कोरायला साबणासारखा. तांब्याच्या किंवा गारगोटीच्या हत्याराने त्यावर केसासारख्या रेघा काढता येतात. कोरून झालं की त्यावर अल्कलीचा, म्हणजे खाऱ्या मातीचा नाहीतर वनस्पतींच्या राखेचा लेप द्यायचा, लेपात थोडं तांबं, आणि भट्टीत हजारेक अंश सेल्सिअसपर्यंत भाजायचं. भाजताना दगडातलं पाणी निघून जातं आणि टाल्कचं एन्स्टटाइट होतं. हे नवं खनिज पाच-सहा नंबरचं, चाकूला दाद न देणारं. वरचा लेप वितळून काच होते आणि तांब्यामुळे तिला निळा-हिरवा रंग येतो. मऊ असताना सगळी कलाकुसर उरकायची आणि मग एका भाजणीत ती कायमची पक्की करायची. कुंभारही हेच करतो, पण इथे मातीच्या जागी सरळ दगड आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या कुणीतरी हे शोधून काढलं, आणि त्यांच्याकडे खनिजांची मोजपट्टी नव्हती.

तो निळा-हिरवा रंग आज बहुतेक स्कॅरबांवर उरलेला नाही. काच झिजते, उडते. आपण फोटोत बघतो ते तपकिरी, पांढुरके, कळकट भुंगे त्यांच्या मालकांनी ओळखलेही नसते.

आणि भुंगाच का? येवल्याच्या शिवारात मृगाचा पाऊस पडून गेला की पायवाटेवर शेणाचा गोळा मागच्या पायांनी लोटत नेणारा किडा मी लहानपणी खूपदा पाहिलाय. आम्ही त्याच्या वाटेत काडी आडवी धरायचो. तो गोळ्यावर चढायचा, गोल फिरायचा आणि पुन्हा त्याच दिशेला निघायचा. इजिप्तच्या लोकांनी त्याच्याच एका भाऊबंदाला बघून विचार केला की आकाशातला सूर्याचा गोळाही कुणीतरी असाच लोटत असणार. पहाटेच्या सूर्याच्या त्या देवाचं नाव खेप्री, आणि किड्याचं चित्र असलेलं अक्षर 'खेपेर', म्हणजे होणं, घडून येणं. त्यांना वाटे ह्या किड्यांत मादी नसतेच, गोळ्यातून तो आपोआप जन्माला येतो. हे चूक होतं. फ्रान्सच्या जाँ-आंरी फाब्रने एकोणिसाव्या शतकात वर्षानुवर्षं जमिनीवर पालथं पडून बघितलं तेव्हा कळलं की वाटेवर लोटला जाणारा गोळा हे किड्याचं जेवण असतं. अंडं घालायचा गोळा मादी जमिनीखाली वेगळा करते, आणि त्याला नासपतीसारखा आकार असतो. पण सगळंच चूक नव्हतं. २०१३ साली स्वीडन आणि दक्षिण आफ्रिकेच्या संशोधकांनी ह्या किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या, त्यांना प्लॅनेटेरियममध्येही नेलं, आणि दाखवून दिलं की चांदणं नसलेल्या रात्री सरळ रेषेत जायला हा किडा आकाशगंगेचा पट्टा बघतो. शेणातल्या किड्याचा आकाशाशी संबंध निघालाच.

इथवर सगळं शाळेच्या पुस्तकात शोभेलसं आहे. मी अडकलो तो तळावरच्या लिखाणात.

काही स्कॅरब वाचायला अगदी सरळ आहेत. त्यांच्यावर अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा असतो, म्हणजे तो त्याचा शिक्का. धान्याच्या कोठाराच्या दाराला, मडक्याच्या तोंडाला, दोरीच्या गाठीला ओली माती लावायची आणि त्यावर भुंगा दाबायचा. शिक्क्यावरची अक्षरं उलटी कोरावी लागतात हे आपल्याला माहीत आहे, पण चित्रलिपीत ती अडचण तितकी नव्हती. ती डावीकडून उजवीकडे किंवा उजवीकडून डावीकडे, दोन्हींकडून लिहिता येते. माणसं आणि पक्षी ज्या बाजूला तोंड करून असतील तिकडून वाचायला सुरुवात करायची. मातीत छाप उलटा उमटला तरी वाचणारा अडत नाही.

तिसरा आमेनहोतेप नावाच्या राजाने तर स्कॅरबांचा वापर बातमीपत्रासारखा केला. इ.स.पू. चौदाव्या शतकातला हा राजा. त्याचे नेहमीपेक्षा मोठे, तळहातावर बसतील असे भुंगे दोनशेहून जास्त सापडले आहेत आणि त्यांच्यावर ठरावीक पाच मजकूर आहेत. एकात राणी तिये हिच्याशी लग्न, आणि तिच्या आईबापांची नावं, जे राजघराण्यातले नव्हते. एकात रानबैलांची शिकार. एकात पहिल्या दहा वर्षांत स्वतःच्या बाणांनी मारलेल्या सिंहांचा आकडा, १०२. एकात परदेशी राजकन्या आली तिच्याबरोबरच्या ३१७ स्त्रिया. आणि एकात राणीसाठी खोदवलेला तलाव, लांबी ३,७०० हात. त्या काळातलं व्हॉट्सॲप स्टेटसच म्हणायचं. फक्त चोवीस तासांत जाणारं नव्हे.

पण असे वाचनीय स्कॅरब एकूणात थोडे. मोठा ढीग आहे तो वेगळाच, आणि त्या ढिगातलं सगळ्यात जास्त वेळा दिसणारं नाव आहे मेनखेपेर-रे. तीन चिन्हं: सूर्याचं वर्तुळ, सोंगट्यांचा पट आणि तोच आपला भुंगा. भुंग्याच्या पोटावर भुंगा. हे तिसऱ्या थुतमोस राजाचं राज्याभिषेकाचं नाव. तो इ.स.पू. १४२५च्या सुमारास वारला. पण त्याच्या नावाचे स्कॅरब त्यानंतर थोडेथोडके नव्हे, आठ-नऊशे वर्षं बनत राहिले. ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या माती झाल्या त्याचं नाव लोक मुलांच्या गळ्यात घालत होते. कोणी म्हणतं तो मोठा पराक्रमी राजा होता म्हणून. कोणी म्हणतं की ही तीन चिन्हं कोड्यासारखी वाचली तर आमून देवाचं नाव निघतं, म्हणून. दुसऱ्या मतावर अभ्यासकांचं भांडण आहे. मला वाटतं बहुतेक घेणाऱ्यांना दोन्ही कारणं माहीत नसावीत. आपल्याकडे वहीच्या पहिल्या पानावर वर 'श्री' लिहितात. कोण श्री, असं कोणी विचारत नाही. ते तिथे असायला हवं, एवढं माहीत असतं.

इतिहासकारासाठी मात्र हा सापळा आहे. कबर उघडली, हाडांजवळ स्कॅरब मिळाला, त्यावर राजाचं नाव आहे, राजाची वर्षं आपल्याला ठाऊक आहेत. झालं, कबरीचं वय ठरलं! लॉग फाइलमध्ये टाइमस्टॅम्प सापडल्यासारखा आनंद. पण सर्व्हरचं घड्याळच चुकलेलं असेल तर? ह्या चुकीने मी स्वतः एकदा पूर्ण रात्र घालवली आहे, म्हणून मला हा प्रकार जिव्हाळ्याचा वाटतो. राजाचं नाव फक्त एवढंच सांगतं की ही वस्तू त्याच्या आधीची नाही. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला समुद्रतळाशी १९८२ साली एका व्यापारी जहाजाचे अवशेष सापडले. त्यात नेफेर्तिती राणीचं नाव असलेला सोन्याचा छोटा स्कॅरब होता. त्यावरून जहाज तिच्या काळानंतर बुडालं हे नक्की झालं. किती नंतर, हे ठरवायला सामानातली मातीची भांडी आणि लाकूडच बघावं लागलं. आणि मेनखेपेर-रेच्या बाबतीत तर 'आधीची नाही' ह्याचा उपयोग इतकाच, जितका आज एखाद्या दुकानावर शिवाजी महाराजांचं नाव बघून 'हे दुकान १६३०च्या आधीचं नाही' म्हणण्याचा.

ह्याहून विचित्र गट आहे 'अन्रा' स्कॅरबांचा. इ.स.पू. सतराव्या-सोळाव्या शतकातले, बरेचसे इजिप्तच्या बाहेर, कनान म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या भागात सापडलेले. त्यांच्यावर अ, न, र ह्या आवाजांची चिन्हं आहेत, कधी ह्या क्रमाने, कधी त्या, कधी दोनदा. शब्द बनत नाही. अभ्यासकांनी नाना अर्थ लावून पाहिले, एकमत झालेलं नाही. आणखी पुढे, इ.स.पू. सहाव्या शतकात, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या नौक्रातिस ह्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या गावात स्कॅरबांचा चक्क कारखाना होता. फ्लिंडर्स पेट्रीने १८८४-८५मध्ये तिथे खोदलं तेव्हा त्याला भुंग्यांचे ढिगाने साचे मिळाले. इथे दगड नाही. वाळूची भुकटी आणि अल्कली मळून साच्यात दाबायची, भाजायची, निळा भुंगा तयार. तिथला माल भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने गेला. त्यांच्यावरची चित्रलिपी पुष्कळदा चित्रलिपीसारखी दिसणारी नुसती नक्षी आहे. घेणाऱ्याला वाचायची नव्हतीच, करणाऱ्यालाही कदाचित येत नव्हती.

हे वाचलं तेव्हा मला आमचे आजोबा आठवले. आजोबा पैठणी विणायचे, घरातच माग होता. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाला मुलीच्या लग्नाच्या शालूच्या पदरात तिचं नाव हवं होतं, इंग्रजीत. नाव होतं नीना. आजोबांना इंग्रजी अक्षर ओळखू येत नव्हतं. त्यांना चौकटीच्या कागदावर नाव काढून दिलं आणि त्यांनी तारा मोजून, एकेक कांडी फिरवून वीतभर नमुना विणला. पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, हीच तर तिची ओळख. आजोबांनी कागद ज्या बाजूने धरला त्या बाजूने सगळं बरोबर होतं. कापड सुलट केलं तर नाव आरशातलं. बाकीची अक्षरं खपून गेली असती, पण दोन्ही 'एन' उलटे. मूळ काम दुसऱ्या विणकराला गेलं. नमुना घरात राहिला. त्या विणीत एक तार चुकलेली नाही. आणि तरी ते नाव चुकलेलं आहे.

आईने ताईताची पुरचुंडी उघडली, ती ह्याच तुकड्याची होती.

नौक्रातिसच्या साच्यातली उलटीपालटी अक्षरं बघून पूर्वीच्या काही युरोपीय लेखकांनी नाक मुरडलंय, 'अडाण्यांची नक्कल' वगैरे. मला ते पटत नाही. ज्याने साचा कोरला त्याने जे समोर होतं ते नीट बघून कोरलं. चूक शोधायचीच तर ती वाचणाऱ्याच्या अपेक्षेत आहे. आपण धरून चालतो की लिहिलेलं असतं ते वाचण्यासाठी. स्कॅरबचं लिखाण अंगाला लागून असण्यासाठी होतं. ते काम ते करत होतं.

एका जागी मात्र लिखाणावर सगळं अवलंबून होतं. वडोदऱ्याच्या काचेसमोर मला जे माहीत नव्हतं ते हे. ममी करताना मेंदू काढून टाकत, आतडी काढून बरण्यांत भरत, पण हृदय शक्यतो जागेवर ठेवत. मेल्यानंतर देवांसमोर तराजूत हृदय तोललं जाणार, दुसऱ्या पारड्यात सत्याचं पीस. आणि भीती अशी की आपलंच हृदय तिथे तोंड उघडेल आणि आयुष्यभर काय केलं ते सांगून टाकेल. म्हणून छातीवर एक मोठा स्कॅरब ठेवत, बहुधा हिरवट गडद दगडाचा. त्याच्या तळावर मृतांच्या ग्रंथातल्या तिसाव्या अध्यायाचा एक पाठ कोरलेला. मागणं एकच: हे हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. देवांना लाच नाही, क्षमा मागणं नाही. स्वतःच्याच हृदयाला केलेली विनंती, की गप्प राहा. तीही लिहून, दगडावर, कारण वेळ येईल तेव्हा आपल्याला बोलता येईल की नाही कुणास ठाऊक. काही हृदय-स्कॅरब तयार मिळत, मृताच्या नावाची जागा मोकळी सोडलेली. काहींवर ती जागा मोकळीच राहिली आहे. कुणाचं हृदय गप्प राहायचं होतं ते लिहायचंच राहून गेलं.

शंखजिऱ्याचा दगड भाजून त्यावर लिहायचं तंत्र एकट्या इजिप्तचं नव्हतं. आपल्या उपखंडात मेहरगढला सिंधू नगरं उभी राहण्याच्या कितीतरी आधी स्टिएटाइटचे मणी भाजून त्यांना चकाकी देत असत. मग इ.स.पू. २६०० ते १९०० ह्या काळात हडप्पा, मोहेंजोदडोचे चौकोनी शिक्के, एकशिंगी बैलाचे, शाळेच्या पुस्तकातले. तेही स्टिएटाइटचेच. कोरायचे, अल्कलीचा थर द्यायचा, भाजायचे, पांढरा चकचकीत पृष्ठभाग मिळवायचा. दगड तोच, युक्ती तीच. फरक इतकाच की इजिप्तची लिपी शांपोल्यँने १८२२मध्ये फोडली, कारण त्याच्याकडे एकच मजकूर दोन भाषांत आणि तीन लिप्यांत असलेला रोझेटाचा दगड होता. सिंधू लिपीला तसा दगड मिळालेला नाही. इरावतम महादेवन यांनी १९७७मध्ये तिची सूची केली, चिन्हं मोजली ४१७. एकेका शिक्क्यावर सरासरी पाचच चिन्हं. ही भाषा नाहीच, असं म्हणणारा निबंध २००४मध्ये आला, आहेच, असं म्हणणारं गणित २००९मध्ये आलं, आणि जानेवारी २०२५मध्ये तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी ती वाचणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. माझ्या ओळखीतल्या तीन इंजिनिअरांनी त्या आठवड्यात मॉडेल ट्रेन करायला घेतलं. पाच-पाच अक्षरांच्या डेटावर. शुभेच्छा.

त्या लिपीची आमच्या सगळ्यात जवळची खूण आहे दायमाबादला. येवल्याहून कोपरगाव मागे टाकून श्रीरामपूर तालुक्यात उतरायचं, प्रवरेच्या काठी. १९७४मध्ये छबू लक्ष्मण भिल नावाच्या माणसाला जळणासाठी झाडाचं मूळ खणताना तिथे धातूचे रथ, हत्ती, गेंडा, रेडा मिळाले, ते सगळ्यांना माहीत असतात. पण उत्खननात, उत्तर-हडप्पा काळाच्या थरात, बटणासारखे दोन शिक्केही मिळाले, आणि काही खापरं, सिंधू चिन्हं असलेली. हे शिक्के भाजलेल्या मातीचे आहेत, दगडाचे नाहीत. मी मागच्या डिसेंबरात दुचाकीवर तिथे गेलो. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढरी म्हणतात, तशी पांढरी. कडेला शेतं, मातीत खापरांचे तुकडे. बघायला काही नाही असं म्हणता येईल. मी तासभर बसलो. सिंधूपासून इतक्या दूर, प्रवरेच्या काठी, कुणीतरी ओल्या मातीवर ती चिन्हं काढली. त्याला ती वाचता येत होती? की त्याने कुठूनतरी आलेला शिक्का बघून हुबेहूब काढली, आजोबांनी 'एन' विणला तशी? लिपी उद्या कोणी फोडली तरी ह्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळणार नाही.

ताईताकडे परत येतो. ताईला आणि मला घेऊन आई सोनाराकडे गेली. सोनारकाकांनी नळी कानाशी धरून हलवली, मग नखाने वाजवली. "पोकळ नाही. लाख भरलीय आत. कागद असला तर लाखेत आहे."

"उघडता येईल?" ताईने विचारलं.

"येईल ना. तापवावं लागेल. लाख वितळेल, टोपण निघेल. कागदाचं मी सांगत नाही."

म्हणजे वाचायचं तर वाचायची वस्तू जाळायची. मी फोन काढला आणि दोघींना फ्रँकफर्टची गोष्ट दाखवली. तिथे २०१८मध्ये तिसऱ्या शतकातल्या एका कबरीत, हाडांच्या हनुवटीखाली, साडेतीन सेंटीमीटरचा चांदीचा ताईत मिळाला. आत चांदीचाच पातळ पत्रा गुंडाळलेला, उलगडला तर तुकडे होतील असा. २०२४मध्ये तो सीटी स्कॅनरमध्ये ठेवून त्याचा त्रिमितीय आराखडा केला आणि कॉम्प्युटरवर उलगडला. लॅटिनच्या अठरा ओळी निघाल्या. सतराशे वर्षं बंद असलेला ताईत न उघडता वाचला.

"मग नाशिकला करू की सीटी," आई अगदी सहज म्हणाली. पेशंटचं नाव काय सांगणार, असं ताईने विचारलं आणि सोनारकाकाही हसले. खरं कारण मी सांगितलं. तिथे अक्षरं चांदीत कोरलेली होती, म्हणून स्कॅनरला खाचा दिसल्या. इथे साध्या शाईने लिहिलेला कागद असेल तर चांदी आणि लाखेच्या आत दवाखान्याच्या मशीनला काहीच दिसणार नाही.

ताई बराच वेळ नळी हातात फिरवत होती. मला वाटलं ती तापवा म्हणेल. मी तिच्या जागी असतो तर कदाचित म्हटलं असतं. मग तिने विचारलं, "ह्याला पॉलिश न करता नुसतं धुऊन देता येईल? केमिकल नको. आणि कड्या पक्क्या करा, तुटून तोंडात जायला नको." दंडाला बांधणार नाही, असं तिने आईला तिथेच सांगितलं. पाळण्याच्या वरच्या दांडीला, हात पोहोचणार नाही तिथे बांधू. आई आधी गप्प बसली, मग म्हणाली, "बांधला म्हणजे झालं."

सोनारकाकांनी ताईत वजनकाट्यावर ठेवला, आकडा बघितला आणि पावती फाडली. वस्तूच्या रकान्यात लिहिलं: चांदी ताईत, १ नग, बंद.